मण्यार चावल्यावर एएसव्ही देऊनही व्हेंटिलेटर का लागतो?

माणदेशी
मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. यंदा पावसाळ्यात माझ्या मावसभावाला झोपेत मण्यार चावली. शेतावरची खोली, जमिनीवर अंथरूण. कधी चावली ते त्यालाही कळलं नाही. पहाटे पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तेव्हा घरच्यांनी पित्त समजून सोडा पाजला. उजाडेपर्यंत पापण्या उघडेनात, बोलणं अडखळायला लागलं. अंथरूण झटकलं तर घडीतून काळं जनावर निघालं. तालुक्याला नेल्यावर सापाची लस, म्हणजे एएसव्ही, लगेच सुरू झाली. तरी दुपारी श्वास बंद पडत आला आणि नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. पुढे बरेच दिवस तो तिथेच होता. आता घरी आहे, हिंडतोय-फिरतोय.

माझा प्रश्न वेगळाच आहे. आमच्याच वाडीत मागे एकाला नाग चावला होता. त्याचीही मान टाकलेली, पापण्या मिटलेल्या. पण लस आणि दुसरं कुठलंसं इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळी गडी चहा मागत होता. दोन्ही साप 'मेंदूवर जाणारे' म्हणतात आणि लसही एकच. मग एकाला ती लागू पडली, दुसऱ्याला नाही, असं का? गावात आता सगळे म्हणतात लस मुदत संपलेली होती. मला पटत नाही, पण तोंडावर उत्तरही देता येत नाही.

वांगीभात
वाचता वाचता पाय खुर्चीवर घेतले. भाऊ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं.

घोणसफुरसे
भाऊ वाचला, फार चांगलं झालं. वर्णन ऐकून मण्यारच वाटते. कवड्या हा बिनविषारी साप हुबेहूब तसा दिसतो म्हणून खूण सांगून ठेवतो. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुतेक वेळा जोडीजोडीने असतात, मानेजवळ पुसट किंवा नसतातच, आणि मागे शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध षटकोनी मोठ्या खवल्यांची रांग असते. अर्थात रात्री अंधारात कुणी खवले मोजत बसू नका. साप मारून दवाखान्यात नेण्याचीही गरज नाही, लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर तेवढा पुरे.

डॉ_तालुका
लस मुदत संपलेली असायलाच हवी असं काही नाही. ताज्या लसीच्या हव्या तेवढ्या कुप्या दिल्या तरी मण्यारीच्या रुग्णाला श्वासाचं यंत्र लागू शकतं. हे आम्ही दर पावसाळ्यात बघतो.

आधी एक समज काढून टाका. यातलं कुठलंच विष 'मेंदूवर' जात नाही. ही प्रथिनं रक्तातून मेंदूत सहसा शिरू शकत नाहीत. मेंदू ठणठणीत असतो आणि स्नायूही ठीक असतो. बिघडतो तो त्या दोघांमधला सांधा, जिथे नसेचं टोक स्नायूला भिडतं. नाग आणि मण्यार दोघेही तिथेच घाव घालतात, पण सांध्याच्या दोन वेगळ्या बाजूंना. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यातच आहे. बाकी कुणी जाणकाराने लिहा, बाहेर रांग लागलीये.

रिसेप्टर
डॉक्टरांनी रांगेची सबब सांगून काम माझ्यावर ढकललंय. माझं पोटपाणी याच सांध्यावर चालतं, तेव्हा पाल्हाळ सोसा.

नसेचं टोक आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये फट असते, मिलिमीटरच्या साधारण वीसहजाराव्या भागाएवढी. मेंदूकडून आलेली विजेची लहर त्या फटीपाशी येऊन थांबते. पलीकडे निरोप पोचवायला नसेच्या टोकात ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन असतं, बारीक पिशव्यांत भरून ठेवलेलं, एकेका पिशवीत हजारो रेणू. लहर आली की टोकात कॅल्शियम शिरतं, पिशव्या फटीत रित्या होतात आणि ॲसिटिलकोलीन पलीकडच्या रिसेप्टरवर बसतं. रिसेप्टर म्हणजे स्नायूच्या आवरणातलं दार. ते उघडलं की सोडियम आत घुसतं आणि स्नायू आकसतो. तेवढ्यात कोलीनएस्टरेज नावाचं एन्झाइम वापरलेलं ॲसिटिलकोलीन तोडून जागा मोकळी करतं. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा.

आता नाग. त्याच्या विषातली अल्फा-न्यूरोटॉक्सिनं म्हणजे साठ-सत्तर अमिनो आम्लांची छोटी प्रथिनं. घडणीवरून त्यांना 'तीन बोटी' टॉक्सिनं म्हणतात. ती रिसेप्टरवर जाऊन बसतात, दार उघडत नाहीत आणि जागाही सोडत नाहीत. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. रुमालवाला अजून चढलेलाही नसतो, पण सीट तुमची राहत नाही. इकडे नस ॲसिटिलकोलीन सोडतेच आहे, त्याला बसायला जागा नाही. स्नायू लुळा पडतो, पण सांध्याची मोडतोड झालेली नसते.

मण्यारीकडे रुमाल आहेतच, शिवाय एक जास्तीचं हत्यार आहे: बीटा-बंगारोटॉक्सिन. ते फटीच्या अलीकडे काम करतं. त्याचे दोन भाग असतात. एक भाग नसेच्या टोकावरच्या पोटॅशियमच्या दारांना पकडतो. दुसरा भाग फॉस्फोलिपेज एन्झाइम, तो टोकाच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं कापत सुटतो. सुरुवातीला पिशव्या भराभर रित्या होतात, पुन्हा भरून तयार होत नाहीत. कॅल्शियम बेसुमार आत येतं, टोकातली ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया बिघडतात आणि काही तासांत नसेचं टोकच नाहीसं होतं. इथे रुमालाचा प्रश्नच उरला नाही, अख्खं आगार जळालं.

आता लस. एएसव्ही म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं. फिरतं विष ती पकडतात, आणि नागाची टॉक्सिनं रिसेप्टरवरून सुटायलाही मदत करतात. पण जळालेलं आगार बांधायचं काम प्रतिपिंडांचं नाही. माणदेशींच्या भावाला लस दिली तेव्हा मण्यार चावून बरेच तास झाले होते. लसीने उरलंसुरलं विष अडवलं, ते गरजेचंच होतं, नाहीतर अवस्था आणखी वाईट झाली असती. पण आधीच गेलेली टोकं शरीरालाच पुन्हा वाढवावी लागतात. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये पहिल्या दिवसात टोकं नष्ट होतात, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी नवे धुमारे स्नायूपर्यंत पोचू लागतात आणि आठवड्याभरात जोडण्या बऱ्यापैकी जमून येतात. माणसात याला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. तोवर श्वास यंत्राने चालवायचा, त्यात दुसरा उपाय नाही.

वाडीतल्या त्या माणसाला दिलेलं 'दुसरं इंजेक्शन' बहुतेक निओस्टिग्मीन असणार. ते कोलीनएस्टरेजला अडवतं, त्यामुळे ॲसिटिलकोलीन फटीत साठत जातं आणि संख्येच्या जोरावर जागा मिळवतं. नागाच्या दंशात हा डाव लागू पडतो. मण्यारीच्या दंशात मुळात ॲसिटिलकोलीनच सुटत नाही, मग साठवणार काय?

माणदेशी
सलाम. आगाराचा दाखला गावात एका वाक्यात समजेल. आमच्याकडे एसटीचं आगार सगळ्यांना माहीत आहे.

अनामिका_विदर्भ
सगळ्या अंगाच्या स्नायूंवर एकच विष, मग आधी पापण्याच का मिटतात? आणि श्वास सगळ्यात शेवटी का जातो?

रिसेप्टर
निसर्गाने या सांध्यात भरपूर जास्तीची शिल्लक ठेवली आहे. साध्या स्नायूत सुमारे तीन-चतुर्थांश रिसेप्टर अडले तरी बाहेरून काही जाणवत नाही. त्यापुढे अशक्तपणा दिसायला लागतो. श्वासपटलाची शिल्लक त्याहून मोठी असते. नऊ-दशांश रिसेप्टर जाईपर्यंत ते तग धरू शकतं. उलट पापणी उचलणारा आणि डोळा फिरवणारे स्नायू दिवसभर राबतात आणि त्यांची शिल्लक तोकडी. म्हणून क्रम साधारण ठरलेला असतो. पापण्या जड, एकाचे दोन दिसणं, मग गिळता-बोलता न येणं, तोंडात लाळ साचणं, मान न सावरणं, हातपाय आणि शेवटी श्वास.

पापणी अर्धी मिटली असेल तेव्हाच धावपळ करायची ती यामुळे. तेव्हा बरीच शिल्लक संपलेली असते.

डॉ_तालुका
आत्ता मोकळा झालो. वर लिहिलेल्या क्रमाला दवाखान्यातली जोड देतो. श्वास किती उरलाय हे बघायला आम्ही रुग्णाला एका दमात एक, दोन, तीन मोजायला लावतो. दर अर्ध्या तासाने आकडा लिहायचा. सकाळी पंचवीसपर्यंत जाणारा माणूस दुपारी बारावर अडला, की नळीची तयारी. महागडं यंत्र लागत नाही. ऑक्सिमीटरवर आकडा घसरण्याची वाट बघत बसलात तर उशीर होतो.

लसीचं प्रमाणही सांगतो, कारण नातेवाईक भांडतात. पहिला डोस ८ ते १० कुप्यांचा आणि लहान मुलालाही तेवढाच. मूल लहान म्हणून साप काही कमी विष सोडत नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे अशा चौघांविरुद्ध आहे. प्रमाण असं ठरलेलं आहे की १ मिलिलिटर लस नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करेल, मण्यारीचं ०.४५.

आणि आता मला खरं तर जे सांगायचं होतं ते. व्हेंटिलेटरवरचा मण्यारीचा रुग्ण पूर्ण लुळा असतो. डोळे उघडत नाहीत, चिमटा काढला तरी हलत नाही, बाहुल्या मोठ्या होऊन उजेडालाही आकसत नाहीत. ज्याने आधी असा रुग्ण पाहिलेला नाही तो म्हणेल, मेंदू मेलाय. पण तो माणूस आत जागा असू शकतो. मण्यारीच्या रुग्णाला या खुणांवरून मेंदूमृत ठरवू नका. नातेवाईकांनीही 'आता काय राम उरला' म्हणून घरी न्यायची घाई करू नका.

माणदेशी
डॉक्टर, हे वाचून अंगावर काटा आला. भाऊ घरी आल्यावर त्याने आम्हाला आयसीयूत कोण काय बोललं ते सांगितलं. विहिरीच्या मोटारीचे पैसे कुणी द्यायचे यावरून दोन मेव्हण्यांची त्याच्या पायाशी जुंपली होती, तीसुद्धा शब्दन् शब्द. एक मेव्हणा अजून त्याच्याकडे फिरकलेला नाही.

वांगीभात
आयसीयूबाहेर पाटी लावा: 'रुग्ण ऐकत आहे.'

डॉ_तालुका
आम्ही खरंच सांगतो नातेवाईकांना. त्याच्याशी बोला, आज कुठला वार आहे सांगा, पाऊस पडतोय का सांगा. आणि परिचारिकांनाही सांगावं लागतं की हलत नाही म्हणून दुखत नाही असं समजू नका.

आडवाट
एवढं सगळं विज्ञान ठीक आहे, पण आमच्या गावच्या भगताने माझ्या डोळ्यांदेखत माणसं उठवली आहेत. पान लागलेला माणूस संध्याकाळी घरी चालत गेला. त्याला तुम्ही काय म्हणाल?

घोणसफुरसे
दादा, भगताचा अपमान करायचा नाही, पण हिशेब बघा. आपल्याकडे चावणाऱ्या सापांत बिनविषारीच जास्त. धामण, दिवड, कवड्या, तस्कर चावला तरी मंत्र न म्हणता माणूस घरी चालत जातो. शिवाय विषारी साप प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. ही सगळी माणसं भगताच्या खात्यावर जमा होतात. मण्यारीचा रुग्ण मात्र त्याच्यापुढे बसून तासाभराने डोळे मिटतो. तेव्हा 'उशिरा आणलंत' हे उत्तर तयार असतं.

आमच्या भागातले एक भगत आता उलटं करतात. नारळ फोडतात, अंगारा लावतात आणि '१०८ बोलवा' म्हणून सांगतात. आम्हीच त्यांच्या हातापाया पडून त्यांना हे पटवलं.

रिसेप्टर
आडवाट, थरच्या वाळवंटात 'पीवणा' नावाच्या सापाची कथा आहे. तो रात्री छातीवर बसतो आणि झोपलेल्याचा श्वास पिऊन जातो. न दुखता चावलेली मण्यार, न दिसणारी खूण आणि पहाटे थांबलेला श्वास. डोळ्याने बघितलेलं लोकांनी अचूक सांगितलं, कारण तेवढं चुकलं. त्यामुळे 'डोळ्यांदेखत' या शब्दाला मी जरा बिचकतो.

आडवाट
श्वास पितो हे भारी आहे. बरं, भगताचा मुद्दा तूर्त सोडतो. पण आवळपट्टी बांधायची की नाही ते सांगा. आमच्याकडे सगळेच बांधतात.

डॉ_तालुका
नाही. पट्टी नको, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात किंवा पाय लाकडाला बांधून स्थिर ठेवा, माणसाला पळवू नका आणि गाडीत घाला. नागाचा दंश असेल आणि कुणी करकचून बांधलं असेल तर वाटेत सोडू नका, दवाखान्यात लस आणि श्वासाची तयारी झाल्यावरच सोडायचं. अडकलेलं विष एकदम सुटलं की माणूस बघता बघता लुळा पडतो. आणि नागाच्या विषात पेशी मारणारी वेगळी टॉक्सिनं असतात, त्यामुळे चावल्याजागी आधीच मांस सडतं. वर पट्टी आवळली की बोटं जायचीच.

अनामिका_विदर्भ
मी यवतमाळची. रिसेप्टर यांनी कोलीनएस्टरेज लिहिलं तेव्हा लक्षात आलं, हा शब्द मी २०१७ साली ऐकला होता. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. माझा मामा त्यात दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले होते, 'कोलीनएस्टरेज खाली गेलंय.' ते हेच का?

रिसेप्टर
हेच. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकं कोलीनएस्टरेजला गच्च धरून निकामी करतात. ॲसिटिलकोलीन तुटतच नाही, फट भरून वाहते. त्यामुळे तोंडाला फेस, घाम, छातीत पाणी, स्नायूंची थरथर, आणि शेवटी स्नायू थकून लुळे. एकच सांधा, पण चित्र उलटं. फवारणीच्या रुग्णाच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, मण्यारीच्या रुग्णाच्या विस्फारतात.

यात गंमत बघा. नागाच्या रुग्णाला आपण देतो ते निओस्टिग्मीनही हेच काम करतं, फक्त हलक्या हाताने आणि थोडा वेळ. म्हणून त्याच्या आधी ॲट्रोपीन देतात, नाहीतर लाळ वाढेल आणि हृदयाचे ठोके उतरतील. तुमच्या मामांनाही ॲट्रोपीनच दिलं असेल, पण कितीतरी मोठ्या प्रमाणात.

अनामिका_विदर्भ
हो, सारखी ॲट्रोपीनची इंजेक्शनं चालू होती. आणि मामा भ्रमात काहीबाही बोलत होता.

रिसेप्टर
तो ॲट्रोपीनचाच परिणाम असावा. सापांच्या जगातही कोलीनएस्टरेज अडवणारे आहेत बरं का. आफ्रिकेतल्या मांबाच्या विषात फॅसिक्युलिन नावाची टॉक्सिनं हेच करतात. तीही 'तीन बोटी' घराण्यातलीच. जोडीला डेंड्रोटॉक्सिनं पोटॅशियमची दारं बंद करून नसेला जास्तीचं ॲसिटिलकोलीन सोडायला लावतात. मांबा चावलेला माणूस आधी थरथरतो ते त्यामुळे.

पुणेकर_जोशी
आमच्या मातोश्रींना मायस्थेनिया आहे, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार. पापण्या मिटणं, दोन-दोन दिसणं, संध्याकाळी गिळायला त्रास, सगळं वरच्या यादीसारखंच. गोळीही पायरिडोस्टिग्मीन, वरच्या निओस्टिग्मीनच्याच घराण्यातली. हा योगायोग नसावा.

रिसेप्टर
योगायोग अजिबात नाही. ही माझी आवडती गोष्ट आहे, धागाकर्त्याची माफी मागून सांगतो.

१९६३ साली तैवानमध्ये चांग आणि ली या दोघा संशोधकांनी तिकडच्या मण्यारीच्या विषातून अल्फा आणि बीटा बंगारोटॉक्सिन वेगळी केली. मण्यारीच्या जातकुळीचं शास्त्रीय नाव बंगारस, त्यावरून टॉक्सिनचं नाव. त्या काळात रिसेप्टर ही कल्पना होती, हाताला कुणाच्या लागला नव्हता. अल्फा-बंगारोटॉक्सिन रिसेप्टरला असं चिकटतं की सहजी सुटत नाही. मग ते आमिष म्हणून वापरायचं ठरलं. विजेचा झटका देणाऱ्या माशांच्या अवयवात हे रिसेप्टर दाटीने असतात. १९७०मध्ये पॅरिसला शॉँझो यांनी ली यांच्याबरोबर या टॉक्सिनच्या मदतीने त्या माशांमधला रिसेप्टर ओळखून काढला.

पुढे १९७३मध्ये दोन गोष्टी झाल्या. माशाचा शुद्ध रिसेप्टर सशांना टोचला तर सशांच्या माना पडल्या, कारण त्यांची प्रतिपिंडं त्यांच्याच रिसेप्टरवर उलटली. आणि त्याच वर्षी किरणोत्सारी अल्फा-बंगारोटॉक्सिन वापरून मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूत रिसेप्टर कमी असल्याचं दिसलं. तुमच्या आईची रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी झाली असेल. तिच्या जुन्या, प्रमाण मानल्या जाणाऱ्या पद्धतीत मण्यारीचं हेच टॉक्सिन वापरतात.

पुणेकर_जोशी
आईला वाचून दाखवलं. म्हणाली, 'म्हणजे माझ्या रिपोर्टाला मण्यार लागली होती!' आता शेजारीपाजारी सगळ्यांना सांगत सुटेल.

वांगीभात
माझा बाळबोध प्रश्न. मग मुंगूस का मरत नाही? आजी म्हणायची मुंगूस कुठलीशी मुळी खाऊन येतं.

रिसेप्टर
मुळीबिळी काही नाही, फरक त्याच्या रिसेप्टरमध्ये आहे. जिथे नागाचं टॉक्सिन बसतं तिथली काही अमिनो आम्लं मुंगसात बदललेली आहेत आणि एका ठिकाणी साखरेच्या रेणूंची साखळी लागलेली आहे. ॲसिटिलकोलीनला अडथळा नाही, टॉक्सिनला मात्र नीट बसता येत नाही. खुद्द नागाच्या रिसेप्टरवरही जवळच्याच जागी अशी साखळी असते, म्हणून तो स्वतःच्या विषाने लुळा पडत नाही. मुंगूस अमर नाही मात्र. भरपूर विष गेलं तर तेही मरतं. त्याचा खरा भरवसा चपळाईवर.

आडवाट
घोणसही नसांवर जाते का? आमच्याकडे तीच जास्त.

डॉ_तालुका
आपल्याकडे घोणस म्हणजे मुख्यतः रक्त न गोठणं, भयंकर सूज आणि मूत्रपिंडं. पण श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात घोणशीच्या रुग्णाच्या पापण्याही मिटतात, तिथे तिच्या विषातली फॉस्फोलिपेजं नसेच्या टोकावर काम करतात. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने यावर बरंच काम केलंय. आपल्या लसीसाठीचं विष मात्र मोठ्या प्रमाणात चेन्नईजवळच्या, साप पकडणाऱ्या इरुळ आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. तमिळनाडूच्या सापांवर बनवलेली लस सगळीकडे सारखी कशी चालेल, हा रास्त प्रश्न आहे. पण त्यावरून 'लस बोगस' असं कुणी म्हणू नका. आज हाताशी तीच आहे आणि ती जीव वाचवते.

पुणेकर_जोशी
नवीन काही येतंय का? मध्यंतरी कृत्रिम बुद्धिमत्तेने औषध बनवलं अशी बातमी होती.

रिसेप्टर
आहे. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्या डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर छोटी प्रथिनं रचली, जी 'तीन बोटी' टॉक्सिनांना धरून ठेवतात. २०२५च्या जानेवारीत ते प्रसिद्ध झालं. उंदीर वाचले, माणसापर्यंत यायला वेळ आहे. ते नागाच्या कामाचं. मण्यारीच्या दृष्टीने मला जास्त रस वारेस्प्लाडिबमध्ये आहे. हे फॉस्फोलिपेज अडवणारं औषध, गोळीच्या रूपातही देता येतं. भारतात आणि अमेरिकेत रुग्णांवर त्याची चाचणी झालेली आहे. कल्पना अशी की वाडीवरच गोळी द्यायची, टोकं जळायच्या आत. निष्कर्ष अजून पक्के नाहीत, त्यामुळे कुणी औषधाच्या दुकानात विचारायला जाऊ नका.

डॉ_तालुका
गोळी येईल तेव्हा पहिला हार मी घालेन. तोवर माझी मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात न फाटलेली अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, आणि ती दाबता येणारी दोन माणसं. मण्यारीचा रुग्ण बऱ्याचदा वाटेत, १०८च्या गाडीत जातो. श्वास थांबला म्हणजे संपलं असं नसतं. हाताने पिशवी दाबत मोठ्या रुग्णालयात पोचवलेली माणसं बरी होऊन घरी गेलेली आहेत. देशात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेल्याचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण दवाखान्यातून या विषयावर काम करून दाखवलंय. म्हणजे होतं, फक्त करायला हवं.

घोणसफुरसे
आणि मच्छरदाणी. खाट असेल तर उत्तमच, नसेल तर जमिनीवरच्या अंथरुणाखाली मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचून झोपा. नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झालेले आढळले. मण्यार रात्री पाली, उंदीर, दुसरे साप शोधत घरात फिरते, तिला माणसाशी काही देणंघेणं नसतं. आपण कूस बदलतो, ती दाबली जाते आणि चावते.

कातळशिल्प
उशिरा आलो धाग्यावर. मी मालवणकडचा, घरची होडी आहे. जाळ्यात समुद्री साप येतात, पोरं शेपटीला धरून परत दर्यात भिरकावतात. सगळे म्हणतात त्यांचं तोंड लहान, चावू शकत नाहीत. खरं काय?

रिसेप्टर
तोंड लहान हे तितकंसं खरं नाही. बोट, तळहात, पायाची कड, सगळं आरामात पकडतात. बऱ्याचदा विष सोडत नाहीत, त्यावरून हा समज पसरला. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात सापडणाऱ्यांत चोचीसारखं तोंड असलेली जात बरीच असते आणि तिचं विष फार जहाल. त्यात नागासारखे 'रुमाल' आहेतच, शिवाय थेट स्नायूचे धागे फोडणारी फॉस्फोलिपेजं आहेत. चावल्याजागी फारसं दुखत नाही. थोड्या वेळाने अंग ठणकतं, मान-जबडा आखडतो. फुटलेल्या स्नायूतलं मायोग्लोबिन लघवीतून येतं, लघवी काळपट चहासारखी होते आणि मूत्रपिंडं अडचणीत येतात. स्नायूतलं पोटॅशियम रक्तात आलं तर हृदयाला धोका.

कातळशिल्प
आणि लस?

डॉ_तालुका
आपल्या लसीत समुद्री साप नाहीत. उपचार म्हणजे सलाईन, गरज पडली तर डायलिसिस आणि श्वासाचं यंत्र. त्यामुळे पोरांना एवढं सांगा: जाड हातमोजे घाला, साप काठीने किंवा चिमट्याने उचला. चावलाच तर दुखत नाही म्हणून जाळं ओढत बसू नका, होडी वळवा. दवाखान्यात 'दर्यातला साप' असं पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर उगाच लसीच्या कुप्या रिकाम्या होतील. लघवीचा रंग बघत राहा. आणि ज्या रुग्णालयात डायलिसिसची सोय आहे तिथे थेट जा, मधल्या दोन ठिकाणी वेळ घालवू नका.

कातळशिल्प
चिमट्याचं बघतो. खेकड्यांसाठी आहेतच होडीवर, लांब दांड्याचे.